डोंगरातला माहितीपट महोत्सव: एका महाविद्यालयाचं पहिलं वर्ष

पार्श्वभूमी

हे प्रकरण डोंगराळ भागातल्या एका मध्यम आकाराच्या महाविद्यालयाचं आहे. ओळख पटू नये म्हणून ठिकाण, माणसं आणि तिथे दाखवलेल्या माहितीपटांची नावं वगळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. निवड समितीत बाहेरचा सदस्य म्हणून मी सुरुवातीपासून होतो. त्यामुळे बैठका, मतभेद आणि प्रत्यक्ष महोत्सवाचे तीन दिवस मला जवळून पाहता आले.

दऱ्या, धबधबे आणि धुकं पाहायला या भागात पर्यटकांची रीघ लागते. महाविद्यालयात जनसंवाद विभाग आहे आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी गटागटाने छोटे माहितीपट करतात. परीक्षक ते पाहतात, गुण देतात आणि पुढे ते विभागाच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर पडून राहतात. ज्या गावात, ज्या माणसांवर चित्रीकरण झालं, त्यांनी तो माहितीपट कधी पाहिलेलाच नसतो. विभागप्रमुख मॅडमना ही गोष्ट बरीच वर्षं खुपत होती. आपल्याच आवारात माहितीपटांचा महोत्सव भरवायचा, बाहेरचं चांगलं काम मुलांना दाखवायचं आणि मुलांचं काम गावाला दाखवायचं, असा त्यांचा प्रस्ताव होता.

प्राचार्यांनी पहिल्याच बैठकीत होकार दिला, पण त्यांच्या मनातलं चित्र वेगळं होतं. महाविद्यालयाचं नाव बाहेर जावं, मोठ्या शहरांतून दिग्दर्शक आणि पाहुणे यावेत, आणि ते यावेत म्हणून इथला निसर्ग आहेच. संस्था चालवणाऱ्या माणसाने असा विचार करणं स्वाभाविक आहे. पण हे दोन हेतू एकमेकांपासून किती लांब आहेत, हे त्या बैठकीत कुणी बोलून दाखवलं नाही. पुढचे जवळजवळ सगळे पेच त्यातूनच निघाले.

अडचण नेमकी काय होती

माहितीपत्रकाचा पहिला मसुदा आला तेव्हा अडचण डोळ्यांसमोर आली. मुखपृष्ठावर दरीचा फोटो, खाली ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी ओळ, मग राहण्याची सोय, जवळची प्रेक्षणीय स्थळं आणि अगदी शेवटी माहितीपटांबद्दल चार वाक्यं. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, जी स्वतः खालच्या एका गावातून रोज येऊन-जाऊन शिकत होती, तिने विचारलं, “मॅडम, यात माझ्या घरच्यांनी का यावं असं कुठे लिहिलंय?” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

रमणीय ठिकाणी महोत्सव भरवणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न असतो. निसर्ग पाहुण्यांना एकदा आणू शकतो, पण अंधाऱ्या सभागृहात माहितीपट पाहत बसवू शकत नाही. उलट बाहेर लख्ख ऊन आणि समोर दरी असेल तर सकाळी अकराच्या खेळाला माणसं मिळणं अवघड. जे महोत्सव अशा जागी टिकले, त्यांच्या मुळाशी दुसरं काहीतरी असतं. जपानमधल्या यामागाताचं उदाहरण मी समितीपुढे ठेवलं. माहितीपट दिग्दर्शक ओगावा शिनसुके आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकात त्या भागातल्या मागिनो गावात राहायला गेले, तिथे भातशेती केली आणि तिथल्याच शेतकऱ्यांवर माहितीपट केले. १९८९ साली यामागाता शहराच्या शतकपूर्तीच्या निमित्ताने तिथे आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव सुरू झाला, त्याच्या उभारणीत ओगावांचा मोठा वाटा होता. तो आजही दर दोन वर्षांनी भरतो. डोंगर तिथेही आहेत, पण महोत्सव उभा राहिला तो माणसं आणि कॅमेरा यांच्या जुन्या नात्यावर.

पत्रक परत लिहायचं ठरलं. ते कुणाला उद्देशून लिहायचं, हे ठरवायला मात्र पुढच्या बऱ्याच बैठका गेल्या.

तारखांचे पर्याय

तीन पर्याय समोर होते. पहिला, पर्यटनाचा भर असतानाचा. बाहेरची गर्दी आयती मिळेल, पण मुक्कामाच्या खोल्या मिळणार नाहीत, रस्ते तुंबलेले असतील आणि गावातली अर्धी माणसं त्याच गर्दीच्या कामात गुंतलेली असतील. दुसरा, ऐन पावसाळ्याचा. खोल्या मोकळ्या, पण दरड कोसळली की रस्ता बंद आणि वीज जाण्याचा धोका. तिसरा, गर्दी ओसरल्यानंतरचा, सत्र परीक्षेच्या आधीचा छोटासा काळ.

अमेरिकेत मोंटानातल्या मिझुला गावी भरणारा बिग स्काय माहितीपट महोत्सव फेब्रुवारीत, म्हणजे भर थंडीत असतो. त्या दिवसांत गावकरी घरी असतात आणि संध्याकाळी करायला फारसं काही नसतं. हा मुद्दा समितीला पटला आणि तिसरा पर्याय निवडला गेला. प्राचार्य थोडे नाराज झाले, कारण पाहुण्यांना धबधबे कोरडे दिसणार होते.

निर्णय योग्यच होता, पण एक बाजू सुटली. परीक्षा तोंडावर आल्यावर बाकीच्या विभागांचे शिक्षक तास सोडायला तयार नसतात. तारखा ठरवताना जनसंवाद विभागाचं वेळापत्रक पाहिलं गेलं, विज्ञान आणि वाणिज्य शाखांना कळवलं गेलं ते परिपत्रक निघाल्यावर.

माहितीपट कुठून आणायचे

मुलांचा आग्रह होता की ऑनलाइन व्यासपीठावर जगभरासाठी खुलं आवाहन करायचं. उत्साह मी समजू शकतो, पण अशा आवाहनावर किती पूर येतो याचा अंदाज नव्या आयोजकांना नसतो. प्रवेशिका पाठवणाऱ्या प्रत्येकाचं काम कुणीतरी पूर्ण पाहिलं पाहिजे, ही किमान नैतिकता आहे. पाहणारे हात मोजके असतील तर पहिली पाच मिनिटं पाहून नकार कळवण्याची वेळ येते, आणि ज्याने एका विषयामागे दोन-तीन वर्षं घातली त्याच्यावर तो उघड अन्याय असतो.

शेवटी मधला मार्ग काढला. मुख्य विभागातले माहितीपट निमंत्रणाने, दिग्दर्शकांना थेट पत्र लिहून. खुलं आवाहन दोनच गटांसाठी: कुठल्याही महाविद्यालयातले विद्यार्थी, आणि याच डोंगराळ पट्ट्यात काम करणारे दिग्दर्शक. ‘आमच्याकडेच पहिला खेळ झाला पाहिजे’ ही मोठ्या महोत्सवांची अट ठेवली नाही. नव्या, लहान महोत्सवाने ती ठेवली तर चांगलं काम येणारच नाही.

हक्कांच्या बाबतीत मुलांचा एक गैरसमज वेळीच दूर करावा लागला. घरच्या सदस्यत्वावर एखादा माहितीपट दिसतो म्हणून तो सभागृहात लावता येत नाही. ते सदस्यत्व खासगी पाहण्यापुरतं असतं. सार्वजनिक खेळासाठी दिग्दर्शक, निर्माता किंवा वितरक, ज्याच्याकडे हक्क असतील त्याची लेखी परवानगी लागते आणि पुष्कळदा प्रदर्शन शुल्कही. शिवाय सरकारी परवानगीचे नियम देशोदेशी निराळे. भारतात सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायचे तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, आणि त्यासाठी यादी व सारांश आधी तयार हवेत. यादी शेवटच्या आठवड्यापर्यंत हलती ठेवण्याची सवय इथे महागात पडते.

उपलब्ध रकमेतून आधी प्रदर्शन शुल्क द्यायचं, मग प्रवासखर्च, मग सजावट, असा क्रम मॅडमनी लावला. कमान आणि मोठे फलक त्यामुळे रद्द झाले. या क्रमासाठी त्या बैठकीत एकट्या लढल्या, याची इथे नोंद करावीशी वाटते.

सभागृहातला उजेड

महाविद्यालयाचं सभागृह भाषणांसाठी बांधलेलं होतं. दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, वर झरोके, सपाट जमीन, पांढऱ्या भिंती. दुपारी बाराला चाचणी खेळ लावला तेव्हा पडद्यावर रात्रीचं एक दृश्य होतं. शेकोटीभोवती माणसं बसलेली. प्रेक्षकांना दिसली ती फक्त शेकोटी. बाकी सगळा करडा धुरळा.

प्रोजेक्टर कमी पडतोय, दुप्पट ताकदीचा भाड्याने आणू, असं सगळ्यांनी लगेच ठरवून टाकलं. पैसेही त्यासाठी बाजूला काढले गेले. विभागातला तंत्रज्ञ मात्र म्हणाला, “आधी मोजू.” त्याने फोनवरच्या लक्समापकाने पडद्याजवळचा उजेड मोजला. लक्स म्हणजे एक चौरस मीटर जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. फोनचं माप ढोबळच असतं, पण निर्णयापुरतं पुरेसं होतं. प्रोजेक्टर बंद असताना पडद्यावर सुमारे १०० लक्स उजेड खिडक्यांतून येत होता.

मग फळ्यावर हिशेब मांडला. पडदा ४ मीटर रुंद, १६:९ प्रमाणात सव्वादोन मीटर उंच, म्हणजे ९ चौरस मीटर. प्रोजेक्टर ३,५०० ल्युमेनचा, म्हणजे तो एकूण एवढा प्रकाश फेकतो. भागाकार केला की पडद्यावर सुमारे ३९० लक्स. पूर्ण अंधारात एवढा प्रकाश भरपूर झाला. पण खिडक्यांचे १०० लक्स पडद्याच्या काळ्या भागावरही पडतात आणि पांढऱ्या भागावरही. म्हणजे पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण ४९० ला १००, जेमतेम ५:१. दुप्पट ताकदीचा प्रोजेक्टर आणला तर ८८० ला १००, म्हणजे ९:१ सुद्धा नाही. तोच जुना प्रोजेक्टर ठेवून खिडक्या बंद केल्या आणि बाहेरचा उजेड ५ लक्सवर आणला, तर ३९५ ला ५, म्हणजे जवळपास ८०:१. दृकश्राव्य व्यवसायातल्या इन्फोकॉम (आताची एव्हिक्सा) या संघटनेच्या मानकात हलत्या चित्रासाठी ८०:१ हेच प्रमाण सांगितलेलं आहे.

फळ्यावरचे ते तीन आकडे पाहून भाड्याचा प्रोजेक्टर रद्द झाला आणि जाड काळं कापड आणलं गेलं. पुढचे दोन दिवस मुलं शिड्यांवर होती. भर दुपारी दिवे बंद करून चार-पाच जण जमिनीवर उताणे पडायचे आणि उजेडाची एकेक फट बोटाने दाखवायचे: झरोक्याच्या कडेला, पंख्याच्या वायरच्या भोकातून, दाराच्या खालून. दारावर एकामागे एक असे दोन पडदे लावले, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, म्हणजे उशिरा येणाऱ्यामुळे पडद्यावर झोत येणार नाही.

दोन गोष्टी त्यातून नव्याने उभ्या राहिल्या. खिडक्या बंद झाल्या की हवा कोंडते. त्यामुळे एका खेळाला सत्तर मिनिटांपर्यंतच माहितीपट, वीस मिनिटं प्रश्नोत्तरं आणि मग दारं सताड उघडी ठेवून सुट्टी, असं वेळापत्रक बांधावं लागलं. आणि सपाट जमिनीमुळे मागच्यांना सबटायटल्स दिसत नव्हती. बसलेल्या माणसाचं डोकं साधारण सव्वा मीटर उंचीवर येतं, पडद्याची खालची कड त्याच्याही खाली होती. पडदा वर सरकवला, मधल्या खुर्च्या एकाआड एक हलवल्या. ज्या प्रेक्षकाला माहितीपटातली भाषा येत नाही त्याच्यासाठी सबटायटल्स हाच माहितीपट असतो, म्हणून हे काम मला प्रोजेक्टरइतकंच महत्त्वाचं वाटतं.

फायलींचा गोंधळ आधीच टळला, कारण दिग्दर्शकांना सुरुवातीच्या पत्रातच लिहिलं होतं की डीसीपी नको. ही सिनेमागृहासाठीची फाइल, ती साध्या लॅपटॉपवर सुखाने चालत नाही. साधी, चांगल्या प्रतीची व्हिडिओ फाइल मागवली, प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवर एकदा चालवून पाहिली आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली.

प्रायोजक आणि एक माहितीपट

या प्रकरणातला सगळ्यात कठीण निर्णय हा होता.

त्या भागातल्या एका हॉटेल व्यावसायिकांनी पाहुण्यांच्या मुक्कामाची सगळी सोय देऊ केली होती. बोलणं प्राचार्यांशी तोंडी झालं होतं. बदल्यात पत्रकावर नाव आणि ‘या भागाचं सौंदर्य दाखवणारा एखादा विभाग’, एवढीच अपेक्षा. लेखी काहीच नव्हतं. दुसरीकडे खुल्या आवाहनातून आलेल्या प्रवेशिकांत समितीला एकमताने आवडलेला माहितीपट याच भागातल्या एका तरुण दिग्दर्शकाचा होता. विषय आटत चाललेल्या झऱ्यांचा. वरच्या अंगाला हॉटेलं वाढली, कूपनलिका खोल गेल्या, टँकरच्या खेपा वाढल्या आणि खालच्या वस्तीतल्या बायका पहाटे रांगेत उभ्या राहू लागल्या, हे त्याने घाई न करता, एका कुटुंबाच्या घरात बसून दाखवलं होतं. कुठल्याही हॉटेलचं नाव त्यात नव्हतं. पण आपलं आवार ओळखायला त्या व्यावसायिकांना वेळ लागला नाही.

त्यांचा निरोप आला: तो एक सोडून बाकी काहीही दाखवा.

समितीपुढे चार वाटा होत्या. माहितीपट वगळायचा. ठरल्याप्रमाणे दाखवायचा आणि मुक्कामाची सोय गेली तर जाऊ द्यायची. यादीत ठेवायचा, पण सकाळी नऊच्या रिकाम्या खेळात ढकलायचा. किंवा दाखवायचा, आणि नंतरच्या चर्चेत व्यावसायिकांनाही बोलायला बोलवायचं.

तिसरी वाट सगळ्यांत मोहाची होती. कुणाला नाही म्हणायला नको, वादही नको, कागदोपत्री माहितीपट दाखवल्याची नोंद होणार. दोन अनुभवी सदस्य तिच्याच बाजूने होते. मी विरोध केला, आणि आजही माझं मत तेच आहे: उघड नकार दिला तर दिग्दर्शकाला निदान आपण कुठे उभे आहोत ते कळतं. रिकाम्या सभागृहात खेळ लावणं म्हणजे त्याला न सांगता केलेला नकार. आपल्याच भागात, आपल्याच माणसांसमोर पहिल्यांदा उभा राहणाऱ्या मुलाशी एका शिक्षणसंस्थेने असं वागू नये.

मॅडम स्वतः त्या व्यावसायिकांना भेटायला गेल्या. त्यांनी सांगितलं, “साहेब, यादी निवड समितीची आहे. ती मी बदलू शकत नाही आणि बदलणारही नाही. पण चर्चेला तुम्ही या. पाण्याबद्दल तुमचीही बाजू असेल, ती मुलांनी ऐकायला हवी.” ते आले नाहीत. मुक्कामाची सोय मात्र त्यांनी काढून घेतली, महोत्सव अगदी तोंडावर असताना.

प्राचार्यांची इथे कसोटी होती. यादी बदला, असं ते म्हणू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी वसतिगृहातल्या रिकाम्या खोल्या उघडायला सांगितल्या आणि शिक्षकांना विचारलं की कुणाच्या घरी एखादा पाहुणा राहू शकेल का. एका रात्रीत सोय झाली. खोल्या साध्या होत्या, गरम पाण्याची वेळ ठरलेली होती, आणि ज्येष्ठ पाहुण्यांपैकी एकाने येणं रद्द केलं. पण बाकीचे दिग्दर्शक मुलांच्याच खाणावळीत, मुलांच्याच बाकावर जेवले. खेळ संपल्यावर जे प्रश्न माइकसमोर विचारायला मुलं लाजत होती, ते रात्री जेवणाच्या टेबलावर विचारले गेले. कॅमेरा बंद कधी करायचा, घरच्यांचं चित्रीकरण करताना परवानगी कशी मागायची, पैसे संपले तेव्हा काय केलं. हॉटेलात हे झालं नसतं.

तीन दिवस

पहिली सकाळ वाईट गेली. उद्घाटनाची भाषणं लांबली, पहिला खेळ उशिरा सुरू झाला आणि दिवे मंद होताच मागच्या दोन रांगा उठून गेल्या, कारण त्यांना तासाला हजर राहायचं होतं. एका निमंत्रित दिग्दर्शिकेचा माहितीपट मूठभर प्रेक्षकांसमोर झाला. तिने तक्रार केली नाही, पण आयोजकांना ते लागलं. त्या संध्याकाळीच मॅडमनी बाकीच्या विभागप्रमुखांना फोन केले आणि पुढच्या दोन दिवसांसाठी प्रत्येक वर्गाला एक ठरावीक खेळ वाटून घेतला.

विद्यार्थ्यांचा विभाग दुसऱ्या दिवशी दुपारी होता. मुलांनी आपापल्या गावात जाऊन निरोप दिले होते, त्यामुळे प्रेक्षकांत आजी-आजोबा, शेजारी, लहान मुलं असे सगळे होते. गोंगाट झाला. ओळखीचं माणूस पडद्यावर आलं की हाका मारल्या गेल्या. बाहेरच्या एका परीक्षकाला हा व्यत्यय वाटला, मला तो महोत्सवाचा सगळ्यात जिवंत भाग वाटला.

झऱ्यांवरचा माहितीपट शेवटच्या संध्याकाळी लागला. सभागृह भरलं, मुलं जमिनीवर बसली. मात्र एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती: ज्या कुटुंबाचं चित्रीकरण झालं होतं ते कुटुंबही आलं होतं, आणि पूर्ण झालेला माहितीपट ते पहिल्यांदाच पाहत होतं. त्यात घरातल्या सुनेचं आणि सासूचं पाण्यावरून झालेलं एक बोलणं होतं. चित्रीकरणाला त्यांची संमती होती. पण घरात कॅमेऱ्यासमोर बोलणं वेगळं आणि सगळं गाव भोवती बसलेलं असताना तेच मोठ्या पडद्यावर ऐकणं वेगळं. सून खेळ संपायच्या आत उठून बाहेर गेली.

प्रश्नोत्तरांचा ताबाही सुटला. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण प्राध्यापकाला अशा सभेची सवय नव्हती. पहिल्या दोन प्रश्नांनंतर चर्चा कुणी किती खोल कूपनलिका खणली यावर गेली, नावं घेतली जाऊ लागली, आणि दिग्दर्शकाला आपल्या कामाबद्दल जवळपास काहीच बोलता आलं नाही. शेवटी मॅडमनी माइक हातात घेऊन सांगितलं की पाण्याच्या प्रश्नावर वेगळी सभा घेऊ, आत्ता याने हे कसं केलं ते ऐकू या. तोवर वेळ संपत आली होती.

निष्पत्ती

महोत्सव खर्चाच्या मर्यादेत पार पडला. संस्थेच्या व्यवस्थापनाने दुसऱ्या वर्षालाही मान्यता दिली, तीनऐवजी दोन दिवसांची. हे कमी वाटेल, पण मला ते शहाणपणाचं वाटतं. तिन्ही दिवस तेच स्वयंसेवक सकाळपासून रात्रीपर्यंत उभे होते. सभागृहाचं काळं कापड आता कायमचं झालं आहे आणि महिन्यातून एकदा तिथे माहितीपट लागतो.

पाण्यावरची वेगळी सभा झाली. तीत त्या व्यावसायिकांचा प्रतिनिधी आला आणि आकडेवारी घेऊन आला. प्रश्न सुटलेला नाही, पण सभा झाली, आणि तिचं चित्रीकरण दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलं.

नुकसानही झालं. त्या कुटुंबाचे आणि दिग्दर्शकाचे संबंध काही महिने ताणलेले होते. महाविद्यालयाने दोन्हीकडे जाऊन बोलणं केलं, पण ते सगळं घडून गेल्यावर.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट प्रायोजकांबाबत. यादीवर फक्त निवड समितीचा अधिकार राहील, हे वाक्य पहिल्या तोंडी बोलण्याच्या वेळीच कागदावर यायला हवं होतं. ते असतं तर व्यावसायिकांनी कदाचित तेव्हाच नकार दिला असता आणि मुक्कामाची पर्यायी सोय करायला दोन महिने मिळाले असते. प्रायोजकांसाठीच्या सध्याच्या मसुद्यात ते वाक्य आहे, आणि ते वाचून एका इच्छुकाने माघारही घेतली आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी: ज्यांच्यावर माहितीपट आहे त्यांना तो आधी, त्यांच्या घरी किंवा गावात, बाहेरचं कुणी नसताना दाखवणं. मोठ्या शहरातल्या महोत्सवात पडद्यावरची माणसं सहसा शेकडो मैल दूर असतात. अशा लहान भागात ती तिसऱ्या रांगेत बसलेली असतात. दिग्दर्शकाची जबाबदारी आहेच, पण त्या माणसांसमोर तो खेळ लावणाऱ्या संस्थेचीही आहे. आता परिसरातल्या प्रवेशिकांसाठीच्या अर्जात एक रकाना आहे: चित्रित व्यक्तींनी हे काम पाहिलं आहे का, कधी आणि कुठे. उत्तर ‘नाही’ असेल तर प्रोजेक्टर आणि दोन विद्यार्थी महाविद्यालय देतं. यावर समितीत एक रास्त शंका निघाली: आधी दाखवल्यावर कुणी आक्षेप घेतला तर दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याचं काय? त्याला नियम बसवता आलेला नाही. प्रत्येक वेळी बसून बोलायचं, एवढंच तूर्त ठरलं आहे.

तिसरी, चर्चेची तयारी. वादाचा विषय असेल तर सूत्रसंचालकाने दिग्दर्शकाला आधी भेटावं, पहिले दोन-तीन प्रश्न स्वतः विचारावेत, ते कामाबद्दलचे असावेत, आणि विषयावरची खुली चर्चा वेगळ्या वेळी व वेगळ्या खोलीत ठेवावी. हे अवघड नाही. त्या गडबडीत हे काम कुणाच्याच नावावर नव्हतं.

चौथी गोष्ट महाविद्यालयांनाच लागू पडते. महोत्सव उभा करणारी मुलं शेवटच्या वर्षाची होती आणि निकाल लागताच ती निघून गेली. दिग्दर्शकांचे पत्ते एका मुलाच्या फोनमध्ये होते, प्रवेशिकांच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या. दुसऱ्या वर्षाची तयारी सुरू झाली तेव्हा पहिला आठवडा त्यांना शोधण्यात गेला. आता प्रत्येक कामावर एक शेवटच्या वर्षाचा आणि एक पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अशी जोडी असते, आणि खाती विभागाच्या नावाने उघडलेली आहेत.

माहितीपत्रकही बदललं. दरीचा फोटो आतल्या पानावर गेला आहे. पुढे काय असावं यावर अजून एकमत नाही. प्राचार्यांना सभागृह हवं आहे, मुलांना गेल्या वर्षीच्या प्रेक्षकांचा फोटो. निर्णय पुढच्या बैठकीत होईल. त्या बैठकीला या वेळी विज्ञान आणि वाणिज्य शाखांचे विभागप्रमुखही असतील, कारण तारखांचा विषय त्याच दिवशी आहे.